दगडफूल

काट्यावर ते जवळजवळ नसतंच.
पाच किलो मिरचीला तीस ग्रॅम,
पण पुडी सगळ्यात फुगीर.

शुक्रवार पेठेत आमचं कांडप.
शिमगा सरला की दारात डब्यांची रांग लागते
आणि मी सूप घेऊन निवडायला बसते:
वरनं राखेच्या रंगाचं, खालनं काळं,
चुरगाळून फेकायचं ठरवलेलं पत्र
कुणी परत उलगडून ठेवावं तसं.

नाव दगडाचं, पण सुपात खडा कधी आला नाही.
येते ती साल.
अंजनीची, हिरड्याची, जांभळीची.
आणि फूल तर ते नाहीच.

धुळू झोरे आणतो, गगनबावड्याच्याही वरनं,
सकाळच्या एसटीनं, मांडीवर पोतं घेऊन.
म्हणतो, वैनी, वर्षाला तांदळाएवढं वाढतंय,
हे तळहाताएवढं म्हणजे माझ्या थोरलीच्या वयाचं,
म्हणून फांदीवर निम्मं ठेवून येतोय.
ठेवतो का, देवाला ठाऊक.
दर मात्र सगळ्याचा लावतो.

समोरच्या मुल्लांची रुखसार कॉलेजात हेच शिकते.
तिनं सांगितलं, हे एक नव्हे, दोघं आहेत.
बुरशी घर धरून ठेवते, शैवाल रांधतं.
भांडत नाहीत का, मी विचारलं.
पुस्तकात तसं काही दिलेलं नाही, म्हणाली.

मागच्या आषाढात धुळूनं एक ढलपी आणली, जिती.
पाणी शिंपडलं तशी हिरवी झाली,
कानाच्या पाळीसारखी मऊ.
दारातल्या कडुलिंबाला मी ती सुतळीनं बांधली,
येता-जाता पाणी मारलं.
समोरनं ट्रक, रिक्षा, मिरचीचा खकाणा.
गणपतीपर्यंत पांढरी पडली,
दसऱ्याला नुसती सुतळी.
धुळूनं सुतळी पाहिली,
बशीत चहा ओतून घेतला
आणि पोरीच्या परीक्षेचं बोलत बसला.

आता कढईत टाकते. चिमूटभर तेल,
मंद आच, नाहीतर कडू होतं.
आधी काहीच नाही,
मग वास येतो,
भिजलेल्या झाडाच्या पाठीचा, असं म्हणेन,
पण गगनबावडा मी पाहिलेला नाही.
दीड तासाची वाट.

वास बाहेरपर्यंत जातो.
रांगेतली एक म्हणते, बाई,
माझ्यात जरा जास्तच टाका की.
मी तीसच ग्रॅम टाकते.