बंबाखू

काचेच्या बशीत, ओल्या कागदावर
तपकिरीची चिमूट सांडावी तसं बी.
एक शिंक आली की महिन्याभराचं काम गेलं,
म्हणून मुजावर मॅडम पंखा लावू देत नाहीत,
चैत्रातसुद्धा.

बंबाखूचं बी. आत्तीच्या रानातलं, कागलच्या अलीकडचं.
दहा-बारा वर्षं मातीत पडून राहतं.
पाणी मिळतं, ऊब मिळते, हलत नाही.
तंबाखूचं मूळ शेजारून गेलं
की मात्र एक पांढरा केस फुटतो त्याला,
थेट मुळाच्या रोखानं.
तो केस मी मोजते. चाळिसातले किती, कितव्या दिवशी.

मुळाला स्फुरद कमी पडलं
की ते मातीत एक रेणू सोडतं.
हाक मारतं, असं मी लिहिलं होतं;
मॅडमनी खोडून 'स्राव' केलं.
असो. स्राव असतो बुरशीसाठी.
ती धाग्याधाग्यानं येते,
लांबचं स्फुरद पोचवते, साखर घेऊन जाते,
रोखीचा व्यवहार.
ती कुठल्या कानानं ऐकते
हे अजून कुणालाच सापडलेलं नाही.
बंबाखूचा कान सापडलाय.

कान कसला, मूठ आहे.
तंबाखूकडेही तशीच एक, आपलं आपल्याला ऐकायला.
रेणू आत आला की मूठ मिटते, त्याचे दोन तुकडे करते,
एक तुकडा धरून ठेवते.
निरोप वाचायचा तर तो फाडावाच लागतो.
हे कळलं त्या संध्याकाळी
राजारामपुरीतल्या खोलीच्या पायरीवर
मी दूध नासेपर्यंत बसून होते.

आणि शब्द तर एकच.
पानांच्या बगलेतल्या डोळ्यांना तो सांगतो, नीज.
मातीतल्या या धुळीला सांगतो, ऊठ.

शेवंता आत्तीला बगलफूट ठाऊक आहे.
शेंडा खुडला की आठवड्यात बगला फुटतात,
त्या मोडून मोडून बोटं काळी चिकट,
भाकरीसुद्धा कडू लागते.
रेणूचं सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली,
"मग तंबाखूचं तोंडच बांधा की."
बांधता येतं, म्हटलं. पण मग बुरशीलाही ऐकू जात नाही.
"व्हय," म्हणाली, आणि सुपारी कातरत राहिली.

नामा मामा इचलकरंजीला मागावर गेला
तो उंबऱ्यातून "येतो" म्हणूनच गेला.
जातो म्हणायचं नसतं आपल्यात.
आत्तीनं ते अक्षरशः ऐकलं, एकोणीस वर्षं.

या वर्षी पीक निघाल्यावर
मोकळ्या रानाला पाणी देऊन
आम्ही तोच रेणू फवारला, प्रयोगशाळेत बनवलेला.
मूळ नाही, नुसती हाक.
बी उठेल, केस काढेल, चाचपडेल,
चार दिवसांत वाळून जाईल.
पुढच्या तंबाखूला मग त्रास नाही.
युक्ती चांगली आहे. कागदावर टक्के चांगले आलेत.
तरी पंप पाठीवर घेऊन सरीनं चालताना
मला सारखं मागं वळून बघावंसं वाटत होतं.

"कुणाला बोलवाय लागलीयास गं,
रिकाम्या रानात?"
आत्ती बांधावरून.
कुणाला नाही, म्हटलं. मारायचंय त्याला.
"बोलवून?"

पंपाचा पट्टा खांद्यात रुतत होता. मी उत्तर दिलं नाही.

साडेपाचच्या एस्टीला निघताना
हात धुतले, तरी वास गेला नाही,
आणि सवयीनं म्हणून गेले, "येते."
तिनं मान वर केली नाही.
रिंगणीच्या बुडाशी एक बंबाखू आला होता,
फिक्का, हिरवं पान नाही अंगावर,
जांभळी फुलं मात्र ताजी.
ती त्याला दोन बोटांत धरून
हळूहळू ओढत होती,
मुळासकट निघावा म्हणून.