मंगळवारची बस

वैजू, तू विचारलंस, तिथं नेमकं करतात काय.
आधी तर काहीच करत नाहीत.
धुळ्याच्या पाचव्या गल्लीत चष्म्याच्या दुकानावर जिना आहे,
तेवीस पायऱ्या. मी तीनदा खालूनच परतले.
चौथ्या मंगळवारी पारोळ्याची बस हुकली,
उन्हात उभं राहवेना, म्हणून वर गेले.

खोलीत टेबल, पाण्याची बाटली,
आणि खुर्चीवर एक उशी.
मी उशी उचलून खाली ठेवली.
बडगुजर मॅडमनी बघितलं. विचारलं नाही.
पोरगी माझ्या लेकीपेक्षा चार वर्षांनी मोठी.
मनात म्हटलं, ही काय उसवणार मला.

तहसीलबाहेर बसून मी जन्मभर
लोकांची प्रतिज्ञापत्रं लिहिली.
तशीच बोलले:
मी, तेव्हा वय वर्षे नऊ, भाऊ वय वर्षे सहा,
जिनिंगच्या गोदामात कापसावर उड्या मारत असता
ढीग सरकून भाऊ मयत, सबब लिहून देते.
त्या म्हणाल्या, घाई नाही.
मला राग आला. चारशे रुपये, आणि घाई नाही?

पहिले दोन महिने वाईट जातात, हे आधीच सांगते.
भाजीत मीठ दोनदा पडतं.
घरचे म्हणतात, आधी बरी होतीस की.
मार्गशीर्षात रस्त्याकडेच्या बाभळींना
ट्रॅक्टरमधून उडालेले पुंजके लटकतात ना,
मी खिडकी सोडून आतल्या सीटवर बसायचे.
एकदा तर मुकटीलाच उतरले,
परतीच्या बसला हात केला.

त्या पाय जमिनीला टेकवायला लावतात.
फरशी कशी आहे, विचारतात.
गार.
अजून?
एक टवका उडालाय.
हसू येतं गं. पण त्या टवक्याला धरून
मी कितीदा त्या गोदामातून बाहेर आले.

अकराव्या की बाराव्या खेपेला
त्यांनी विचारलं, ती नऊ वर्षांची काय म्हणते?
मला उत्तरच येईना.
ती पोरगी कुठं शिकलीय ही पुस्तकातली मराठी.
मग तोंडातून निघालं,
माले भ्याव वाटस.
आणि त्यामागून सगळं.
मी हाका मारल्या, धुडकू, धुडकू.
विहिरीत ओरडलं तर विहीर हाक परत तरी देते,
वैजू, कापूस पिऊन टाकतो.

मायनं नाव मुद्दाम टाकाऊ ठेवलेलं,
यमानंही उचलू नये म्हणून.
आणि मी म्हटलेलं, पहिले तू.
हे दोन शब्द अडतीस वर्षं
कुठल्याच कागदावर नव्हते.

वाटलं, आता म्हणतील, तुझी चूक नाही.
तसं म्हणाल्या नाहीत. पंखा फिरत होता.
विचारलं, नऊ वर्षांची मुलगी केवढी असते?
मी हवेत हात धरून दाखवला,
टेबलापेक्षा थोडा वर.
तो हात बराच वेळ खाली आला नाही.

बरं होणं म्हणजे काय, ते मला विचारू नकोस.
मी अजून सतरंजीवरच झोपते.
पिंजाऱ्याची तार वाजली की दार लावते,
फक्त यंदा दार लावून परत लिहायला बसले,
कुणाचं नाव चुकलं नाही.
माय ऐंशीची झाली. तिला सांगायचं की नाही,
ते ठरलेलं नाही.

तू ये. चारशे नसतील तर अडीचशेही घेतात,
पण तोंडानं सांगावं लागतं.
रडूच येईल असं काही नाही. मला भूक लागायची,
स्टँडसमोर शेवभाजी खायचे, एकटीच, दोन भाकरी.
पहिल्या दिवशी खालून परतलीस तरी चालेल,
चष्मेवाला पायरीवर बसू देतो.

आणि उशी नको वाटली तर खाली ठेव.
मी गेल्या मंगळवारी मांडीवर घेतली, जरा वेळ.
वजन असं काही नव्हतंच तिला.