शंभराला एक

लोखंड आटतं.
ओतताना कळत नाही, निवताना
शंभराला एक, एवढं अंग चोरतं.
म्हणून साचा करणाऱ्याची पट्टी मुळातच खोटी,
दुकानातल्या पट्टीहून केसभर लांब.
माझी मला इसबा लोहारांनी दिली,
उद्यमनगरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, चौदाव्या वर्षी.
म्हणाले, "दस्तगीर, हिनं कापड मोजू नगंस.
आन् माणूस तर आजाबात नगंस."

परवा समितीची माणसं आली.
अण्णांचं शंभरावं वर्ष, चौकात अर्धपुतळा बसवायचाय,
जवळून बघितलेले तुम्हीच उरलाय.
कान कसे होते?

कान.
उजव्याची पाळी नव्हती, भट्टीचा थेंब उडालेला.
डाव्यानं ऐकायचे.
स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनावर, मूठ कानाशी,
डोळे मिटून,
आणि सांगायचे, हे बेरिंग दिवाळी बघत नाही.
बघायचं नाही.

फेटा दाखवू या, एकजण म्हणाला.
फेटा त्यांनी लग्नात बांधला असेल.
मी बघितली ती टोपी, तेलानं इतकी कडक
की खुंटीवरून पडली तर वाजायची.

पहिल्या इंजिनाची गोष्ट त्यांना पाठ आहे,
संस्थान विलीन व्हायच्या आदल्या वर्षीची.
कुणा बागायतदाराचं विलायती इंजिन दुरुस्तीला आलं,
अण्णांनी रात्रीत सगळं उघडलं,
एकेक भाग खडूनं फरशीवर काढला,
पहाटे जोडून परत.
मालक म्हणाला, आता जरा बरं चालतंय.

पण पुढचं कुणाच्या कागदावर नाही.
स्वतःचं ओतलं, चिरलं.
दुसरं चिरलं. सातवं चिरलं.
आतला वाळूचा गाभा धरेना, ओततानाच ढासळायचा.
तानूबाई जेवण घेऊन आल्या,
वाळू चिमटीत धरली, म्हणाल्या,
"लाडू फुटतोय तुमचा. पाक कुठंय ह्यात?"
त्या दिवसापासून गाभ्यात काकवी.
मी लागलो तेव्हा शेडला गुऱ्हाळाचा वास यायचा,
आम्ही पोरं वाळू चाटून बघायचो.
आणि वडणग्याच्या गुऱ्हाळावर आमचंच इंजिन,
फट फट फट, रस काढतंय,
तिथली काकवी डब्यातून परत आमच्याकडं.
कोण कुणाला चालवत होतं, सांगता यायचं नाही.

दौलूचं सांगू का समितीला?
चोवीस वर्षं साचे भरले त्यानं,
खोकला की वाटायचं, आत कुणीतरी चाळण मारतंय.
अण्णांनी त्याला गेटवर बसवला, पगार तोच,
औषधाचं बिलही द्यायचे.
शेडला खिडक्या मात्र पाडल्या तो गेल्यावर.
तेराव्याला कोपऱ्यात बसले होते, पाणीसुद्धा घेतलं नाही.
संप झाला त्या साली त्यांनीच गेटला कुलूप घातलं होतं,
आणि आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांची फीसुद्धा
त्यांनीच भरली होती.
ह्याचा पुतळा कसा करायचा, मला माहीत नाही.
मी फक्त साचे केले.

आता शिरोलीत विजेच्या भट्ट्या,
साचा कॉम्प्युटरवर फिरतो, सागवान लागत नाही.
नातवांनी शेड विकली, तिथं दुचाक्यांचं शोरूम झालं.
पाडायच्या दिवशी मी गेलो, दाराची चौकट मागितली.
हसले, पण दिली. टेम्पोचं भाडं माझं.

पुतळा करणारं पोरगं काल आलं घरी.
काका, कासं लोखंडापेक्षा जास्त आटतं,
उंची नेमकी पाहिजे.
मी म्हटलं, अर्ध्या पुतळ्याला उंची कशाला?
म्हणालं, असू दे, अंदाज येतो.
मग परसातली चौकट दाखवली.
उजव्या बाजूला तेलाचा काळा डाग आहे,
इंजिन ऐकताना तिथं डोकं टेकून उभे राहायचे,
तीस वर्षं, त्याच जागी.
नातीची शाळेची पट्टी आणली. खरी.
पाच फूट दोन.

"एवढेच?" पोरगं म्हणालं.
"ओतताना मोठे होते," मी म्हटलं.
त्यानं तळहातावर पेनानं आकडा लिहिला,
आणि डागाला बोट लावून
वास घेतला.