अडीच सूत

नागपूरहून आलेल्या माणसाने आधी हात धुतले,
मग पांढरे मोजे चढवले हातांत,
बँडवाले घालतात तसे.
बायको आतून म्हणाली, "आप्रेशन हाय का जी?"

मी मशीनवरची पँट बाजूला सारली,
चादर अंथरली. चादरीवर कार्डं.

मोरछाप चहाची. अर्ध्या किलोच्या डब्यात निघायची ही,
पोस्टकार्डाला वाकुल्या दाखवणारी.
पाव किलोतली लहान तर साऱ्या शाळेकडे होती.
मोठी फक्त लांजेवारच्या हॉटेलात,
कारण जिनिंगचे हमाल तिथंच चहा पीत
आणि अर्धा किलो आठवडाभर पुरत नसे.
बाबा त्याचे पैजामे शिवायचे. शिलाईतले आठ आणे
तो कार्डात फेडायचा: "पोट्ट्याले दे जा."

शाळेमागे, कडुनिंबाखाली भाव ठरलेला:
एका मोठ्याला सात लहान,
विकेटकीपर असला तर नऊ, वर चिंचेचा गोळा.
हा भाव कुणी काढला, माहीत नाही.
कधी उतरला नाही, एवढं खरं.

माणूस भिंगातून एकेक कोपरा पाहत होता.
"कोपरे मऊ पडलेत. हा डाग कसला?"
खोबरेल तेल, मी म्हटलं. आईचं.
"छपाई डावीकडे सरकलीय."
ते आम्हाला तेव्हाच दिसलं होतं.
आम्हाला वाटायचं, होमी सुतरिया
बॉल टाकायला धावत निघालाय, म्हणून.

मग तो बाराव्यापाशी थांबला.
आर. के. सोनटक्के. बारावा गडी.
बॅट नाही, बॉल नाही,
पाण्याचा ट्रे घेऊन उभा, उन्हात डोळे बारीक करून.
कंपनीने हे कमीच छापलं होतं म्हणे.
जो खेळलाच नाही त्याला कोण विचारतो!
"हे पूर्ण असतं तर," माणूस म्हणाला, आणि आकडा सांगितला.
त्यात घरावरची टिनं बदलून
पिको-फॉलची मशीन आली असती.

त्याने पारदर्शक पट्टी लावली.
"उजवीकडून कापलंय कुणीतरी."

कुणीतरी. मी नऊ वर्षांचा होतो.
तो माझा पहिला मोठा, बाकीचे अजून यायचे होते.
वहीत लहान सगळे रांगेत बसायचे
आणि सोनटक्के बाहेर डोकावत राहायचा,
वर्गातल्या उंच पोरासारखा, उगीच ओशाळा.
मी बाबांची मोठी कात्री घेतली.
ट्रेमधला एक ग्लास गेला, आणि त्याचा अंगठा.

बाबांनी मारलं ते कागद कापला म्हणून.
"धार जाते कात्रीची, समजत नाई काय तुले?"
मग ते चित्र हातात धरून
बराच वेळ बसले, दिव्याकडे वळून.
"अन् कापाचंच होतं,
तं माया तरी सोडाची होती, बावा."

माणसाने अकरांचे पैसे मोजले.
बारावं परत सरकवलं, दोन बोटांनी, अदबीने.
चहा घेतला. मोजे काढून घेतला.
जामहून सव्वाचारची गाडी होती त्याला.

तो गेल्यावर मी टेप लावला.
अडीच सूत.

पँट पुन्हा मशीनवर घेतली.
गिऱ्हाईक सातवीतलं, पावसाळ्यातल्या बांबूसारखं वाढतंय.
खाली चार बोटं आत दुमडली
आणि कच्चा टाका घातला, उसवायला सोपा.

सोनटक्के बटणांच्या डबीला टेकून उभा आहे.
ट्रेमध्ये एक ग्लास कमी.