दोन मिलिमीटर

खजुराच्या बीनं दाढ फुटली,
शेजारच्या खोलीतल्या इफ्तारला. सोहारमध्ये.

डॉक्टर परकार, मूळच्या दाभोळच्या,
हातात आरसा देऊन म्हणाल्या,
"माथ्यावरून दोन मिलिमीटर, कडेनं दीड.
टोपीला जागा नको का?"

मी टर्नर. एकोणीस वर्षं लेथवर.
दीड मिलिमीटर म्हणजे आमच्याकडे
ढोबळ काप, गप्पा मारता मारता घ्यायचा.
म्हणून विचारलं, "आणि वजनात?"
त्या थांबल्या. मास्कआडून म्हणाल्या,
"दिसते त्यातली साधारण दोन तृतीयांश."

शाफ्ट झिजला तर आम्ही वेल्डिंगनं भरतो,
मग मापाला आणतो.
इथं भरणं नाही.
उतरलं ते उतरलं.

भूल चढली. जीभ दुसऱ्याच कुणाची.
पाण्याचा बारीक फवारा, वर शिट्टी,
आणि माझा कीस नळीतून गेला
तो मला दिसलासुद्धा नाही.
आमचा निदान ट्रेमध्ये पडतो,
गुरुवारी कुणीतरी झाडतो.

फोनवर हर्षदा म्हणाली, "बसली का नवी दाढ?"
"टोपी यायला आठवडा आहे.
आणि नवी नाही गं. आत जुनीच,
लहान केलेली."
"दुखतंय?"
"अजून कळत नाही."

रात्रपाळीला पंपाचा शाफ्ट चढवला.
ओठ बधिर, चहा हनुवटीवरून शर्टावर.
मायक्रोमीटर पुसला, शून्य धरलं,
आणि पहिला काप
नेहमीपेक्षा बारीक घेतला.