आप्पांची उजवी बाजू

थोरले मामा गेले तेव्हा घाईत सापडला तो एका लग्नातला फोटो.
कापून पेपरात दिला,
तर खांद्यावर कुणाची तरी चार बोटं तशीच राहिली.
बारा दिवस आई त्या बोटांकडंच बघत होती.
तेराव्याला म्हणाली,
"आमचा आधी काढून ठेवा. सगळ्यांबरोबर. धड हाय तवर."

म्हणून मी फोटोग्राफर शोधत फिरले.

राजारामपुरीत, पाचव्या गल्लीत, एसी होता, कॉफी होती,
काचेच्या टेबलावर पॅकेजांचं पुस्तक:
सिल्व्हर, गोल्ड,
आणि ज्यात रंकाळ्यावर ड्रोन उडतो ते.
पोरगा नम्र होता. म्हणाला, "काका, मान सरळ."
आप्पांनी ऐकायला मान वळवली.
"सरळ, काका."
आप्पांनी आणखी वळवली.

महाद्वार रोडला माडीवरचा जुना स्टुडिओ.
पडद्यावर रंगवलेला धबधबा,
गुडघ्याएवढ्या उंचीवर विटलेला,
तीन पिढ्यांच्या पोरांनी तिथं हात पुसलेले.
मालकांनी काही विचारलं नाही.
दोन बोटांत आप्पांची हनुवटी धरली
आणि नट आवळावा तशी फिरवली.
आप्पा उठले. चप्पल घातली.
जिन्यात म्हणाले, "माप न घेताच आवळतोय."

तिसरा फोनवरच सांगत होता:
मान नंतर सरळ करता येते,
सुरकुत्या जातात, दात येतात,
आला नसेल तो माणूसही घालता येतो.
आई म्हणाली, "मग आमी तरी कशाला यायचं?"

गंगावेशीत पिठाच्या गिरणीवर एक खोली,
पायऱ्यांवर पीठ, पिठात आमच्या चपला उमटलेल्या.
नदाफांची तबस्सुम.
कॅमेरा खुंटीला होता, तो वीस मिनिटं तिथंच राहिला.
चहा आला. आईच्या काठापदराची चौकशी झाली.
वहिनीनं दोनदा घड्याळ बघितलं.
खालची गिरणी थांबली तेव्हा तिनं मला हळूच विचारलं,
"घरात आप्पांशी बोलताना
तुम्ही कुठं उभ्या राहता?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं.
चाळीस वर्षं उद्यमनगरात, लेथवर,
उजवा कान मशीनकडं.
तो मशीननंच ठेवून घेतला.
तेव्हापासून आई डावीकडून वाढते,
सर्जेराव डावीकडून पैसे मागतो,
नातू डावीकडूनच रडत येतो,
आणि यातलं काही कुणी कधी ठरवलेलं नाही.

"मग तसंच उभं राहा की," ती म्हणाली.
आप्पांना खुर्ची दिली. आम्ही सगळे एका बाजूला,
एसटीत चढताना होते तशी गर्दी.
कॅमेरा तिपायीवर ठेवून ती स्वतःसुद्धा डावीकडं आली,
त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली.
काय ते आम्हाला ऐकू आलं नाही.
आप्पा हसले. मान सरळ होती.

अठराशे रुपये. फ्रेम वेगळी.

ग्रुपवर फोटो टाकला तसा सर्जेराव म्हणाला,
"उजवीकडं एवढी भिंत कशाला? हिनं चुकवलंय."
आई म्हणाली, माझा पदर बरा आलाय.
भिंतीवर पोपडा होता, तोही आला होता.

लक्ष्मीपुरीत फ्रेमवाल्यानं पट्टी लावली,
रिकाम्या जागेवर पेन्सिलीची उभी रेघ धरली.
"काका, हे कापून टाकू? पन्नास वाचतील."
तो उजवीकडं उभा होता.
मी वळसा घालून डावीकडं गेले, सांगितलं.
आप्पांनी चष्मा कपाळावर सारला,
फोटो हातात घेऊन लांब धरला,
भिंतीवरून अंगठा फिरवला,
कातलेला तुकडा गुळगुळीत झाला का बघतात तसा.

"नको. तितं लेथ हाय."

फ्रेमवाल्यानं माझ्याकडं बघितलं.
मी काही बोलले नाही.
त्यानं पट्टी परत लावली.
"मग काच मोठी लागंल," म्हणाला.