आयर्विनला किती?

आमच्याकडे ऑगस्टात कुणी
'कसं काय' विचारत नाही.
'आयर्विनला किती?' विचारतात.
दूधवाला, रिक्षावाला, बँकेतला कॅशियर.
पुलाच्या खांबावरचा आकडा
गावभागात तोंडोतोंडी फिरतो.
चाळीसला इशारा. पंचेचाळीसला धोका.
बेचाळीसलाच आम्ही गॅसची टाकी वर नेतो.

साडेसत्तावन्नच्या साली संचिता नऊ वर्षांची.
बोटीत दप्तर मांडीवर घेऊन बसली,
रडली नाही.
'शहाणी पोर,' म्हणाले सगळे.
मीही म्हणालो.

आता अकरावीत आहे.
थोरला हर्षद ओढ्यासारखा,
तासाभरात फुगतो, दार आपटतो,
आणि रात्री दोन भाकऱ्या जास्त खातो.
हिचं तसं नाही.
ही वह्यांना कव्हरं घालत बसते.
पेन्सिली टोकदार, वेणी घट्ट,
ताटातला भात तेवढा तसाच.
'काय झालं?'
'काही नाही.'
आणि खरंच काही झालेलं नसायचं.
मार्क बरे. मैत्रिणी होत्या.
मोबाईल तपासला मी, सांगायला लाज वाटते,
त्यात मांजरांचे व्हिडिओ.

'नाटकं,' मी म्हणालो एकदा जेवताना.
'वय आहे,' तिची आई म्हणाली.
दोन्ही शब्द तिनं ताटाबरोबर घासून
पालथे घातले.

कॉलेजात मुल्ला मॅडमनी फॉर्म दिला.
मनावरचा ताण, एक ते दहा,
योग्य त्या आकड्याला गोल करा.
हिनं कशालाच गोल केला नाही.
समासात लिहिलं: ४३.
मॅडम मिरजेच्या, त्यांना कळलं.
पुण्याच्या असत्या तर म्हणाल्या असत्या,
अगं, दहापर्यंतच आहे.

तिला विचारून त्यांनी मला बोलावलं.
मी मार्केट यार्डात हळदीच्या काट्यावर असतो,
आकड्यांवरच पोट आहे माझं.
हा आकडा वाचता येईना.
मी म्हणालो, घरी सगळं व्यवस्थित आहे हो.
मॅडम म्हणाल्या,
'पाणी चढतं तेव्हा सांगलीत पाऊस असतो का?'

कधीकधी नसतो.
कडक ऊन असतं, गच्चीवर कपडे वाळतात,
आणि घाटाची एकेक पायरी पाण्यात जाते.
कोयनेवर परवा पडलेलं पाणी.

त्या रात्री ती जिन्यात बसलेली,
दप्तर मांडीवर.
मी दोन पायऱ्या खाली बसलो.
'आयर्विनला किती?'
बराच वेळ गेला. खाली कुणीतरी
स्कूटर स्टँडवर चढवली.
'चव्वेचाळीस.'

चव्वेचाळीसला कुणी विचारत नाही
पाणी का आलं म्हणून.
भाषण करत नाहीत नदीपुढं.
जे वर न्यायचं ते वर नेतात.
मी म्हणालो, 'उद्या क्लास नको.
मॅडमकडे जाऊ. त्या म्हणाल्या तर
मिरजेच्या डॉक्टरांकडेही.'
ती हो म्हणाली नाही.
दप्तर मात्र पायरीवर ठेवलं.
मग म्हणाली, 'पप्पा, तुमचं किती?'

माझ्या खांबावर कुणी आकडे रंगवलेलेच नव्हते.
'बघून सांगतो,' म्हणालो.
अजून सांगितलेलं नाही.

परवा दुपारी काट्यावर पोतं होतं, फोन थरथरला.
नुसतं '४१'.
इशाऱ्याच्या वरच आहे, मला माहीत आहे.
उद्या पुन्हा चढेल, तेही.
चिठ्ठीवर मी एक्केचाळीस लिहून बसलो.
पोतं बावन्न किलोचं.
अडत्या ओरडला, दुसरी फाडली.
पहिली माझ्या खिशात आहे,
कडेला हळद लागलेली.